भिशीचे पन्नास हजार पॉलिसीत घालू का?

ताई, नमस्कार.

मी नीलम नगरात राहते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई खात्यात सहा वर्षं झाली. पगार १६ हजार, कापून हातात १४,०८० येतात. आमचे हे रिक्षा चालवतात. घरात मामंजी आहेत, वय ७२. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ६४ च्या. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मामंजींनी सगळा जन्म मागावर काढला, आत्याबाई अजून विड्या वळतात. आत्याबाईंना शुगर आणि बीपी दोन्ही आहे.

गेल्या पावसाळ्यात ह्यांची रिक्षा घसरली, मांडीचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला. १ लाख १२ हजार गेले. तेव्हा माझ्या पाटल्या गहाण पडल्या, त्या अजून सुटल्या नाहीत. आता मामंजींना जिना चढलं की छातीत भरून येतंय. डॉक्टर म्हणाले ब्लॉकेज असणार, अँजिओग्राफी करून घ्या, स्टेंट लागला तर दोन-सव्वादोन लाख धरून चला.

ओळखीतले एक विमा एजंट घरी येऊन गेले. सहा जणांची मिळून तीन लाखांची पॉलिसी, वर्षाला ४६,०२० रुपये. ते म्हणाले, फॉर्मवर शुगर, बीपी, छातीचं काही लिहायचं नाही, लिहिलं की पॉलिसी देत नाहीत. या महिन्यात माझी ५० हजारांची भिशी लागणार आहे. हे म्हणतात पॉलिसी घेऊन टाक. आत्याबाई म्हणतात आधी पाटल्या सोडव. सरकारी योजनेचं ऐकलंय, पण माझं नाव अजून माहेरच्या रेशन कार्डावर आहे आणि शेजारचे म्हणतात ते सगळं पिवळ्या कार्डवाल्यांना. रात्रीची झोप उडालीय. पगाराची स्लिप आणि एजंटांनी दिलेला कागद, दोन्हीचे फोटो पाठवतेय. काय करू?

– एक सून, सोलापूर

नमस्कार.

आधी मामंजींचं लिहिते, पैशाचं नंतर बघू. डॉक्टरांनी तपासणी सांगितली आहे ती लांबवू नका. आणि मधल्या काळात बसल्याजागी छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्याकडे गेली, तर कार्ड कुठे, कागद कुठे हे शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि हृदयाची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात न्या. तातडीच्या भरतीला सरकारी योजनेत फोनवरून कळवून मंजुरी घ्यायची आणि कागद मागाहून द्यायची सोय आहे. हे आत्याबाईंना आजच समजावून सांगा. तुम्ही कारखान्यात आणि हे रिक्षावर असताना घरात त्याच असतात.

आता पॉलिसी. घेऊ नका. ही तर नकोच, आणि आत्ता कुठलीच नको.

तुम्ही पाठवलेला एजंटांचा कागद मी दोनदा वाचला. हप्ता ३९,००० आणि त्याखाली १८ टक्क्यांनी जीएसटी ७,०२०, असे मिळून ४६,०२०. पण वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. कदाचित त्यांनी जुनाच कागद काढून दिला असेल. पण ७,०२० रुपये म्हणजे तुमचा अर्ध्या महिन्याचा हातातला पगार, आणि तो मागताना कागद ताजा आहे का एवढं बघणं त्यांचं काम होतं.

त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. पहिली: खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्क्यापर्यंत. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला ३,०००. समजा दवाखान्यात सहा हजारांची खोली मिळाली. वरचे तीन हजार आपण भरू, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाबरोबर वाढणारे खर्चही कंपनी अर्धेच देते. औषधं, तपासण्या आणि स्टेंटसारख्या वस्तूंना ही कपात लागत नाही, पण बाकीचा मोठा तुकडा तुमच्या अंगावर येतो. तुमच्यासारखी कितीतरी घरं डिस्चार्जच्या काउंटरवर उभी राहिल्यावर हे पहिल्यांदा ऐकतात.

दुसरी ओळ जास्त महत्त्वाची: आधीपासून असलेल्या आजारांना ३६ महिन्यांची प्रतीक्षा. विमा कंपन्यांवरच्या नियामक मंडळाने २०२४ पासून ही प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, पूर्वी ती चार वर्षं असायची. मामंजींच्या केसपेपरवर डॉक्टरांनी छातीचा त्रास लिहिलेला आहे. म्हणजे ज्या स्टेंटच्या भीतीने तुम्ही ४६ हजार भरायला निघालात, तो स्टेंट या पॉलिसीत तीन वर्षं बसतच नाही. वर एकत्र पॉलिसीचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. ७२ वर्षांच्या मामंजींमुळे तुम्हा सगळ्यांचा हप्ता चढलाय, आणि त्यांच्याच आजाराला त्यातून पैसा मिळणार नाही.

राहिलं आजार लपवायचं. इथे मला आमच्या दादाचं सांगावंच लागेल.

दादाला बीपीची गोळी चालू होती. अशाच एका ओळखीच्या एजंटने घरी चहा पीत पीत फॉर्म भरला. ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात त्यानेच स्वतःच्या अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि दादाने सही केली. दादा तीन वर्षं हप्ते भरत राहिला. मग एका पहाटे अर्धांगाचा झटका आला. भरती करताना एक शिकाऊ डॉक्टर मुलगी वहिनीला विचारत होती, शुगर आहे का, बीपी आहे का, किती वर्षांपासून. वहिनीने खरं ते सांगितलं: बीपीची गोळी सात वर्षांपासून. नवऱ्याचा जीव टांगणीला असताना कुठली बाई डॉक्टरपासून काही लपवेल? आणि लपवलंच तर उपचार चुकतील. ते उत्तर भरतीच्या कागदावर उतरलं, तो कागद क्लेमबरोबर कंपनीकडे गेला, आणि आठव्या दिवशी पत्र आलं: माहिती दडवली, क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द. बिल १ लाख ८५ हजारांचं होतं. वहिनी कित्येक महिने म्हणत होती, माझ्याच तोंडामुळे झालं. चूक तिची नव्हती. फॉर्म ज्या दिवशी भरला त्याच दिवशी ती झाली होती. आणि एजंट म्हणाला, सही तर साहेबांची आहे.

म्हणून एवढ्या कळकळीने लिहितेय. आजार फॉर्मवर लपवला तरी दवाखान्यात तो सांगावाच लागतो. ‘पाच वर्षं कशीबशी काढा, मग कंपनी काही करू शकत नाही’ असंही तुम्हाला कोणी सांगेल. सलग साठ महिन्यांनंतर कंपनीला माहिती दडवल्याचं कारण पुढे करता येत नाही हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर ती सूट नाही. जाणूनबुजून ‘नाही’ लिहिणं त्यातच मोडू शकतं.

आता तुमच्या पगाराच्या स्लिपकडे येऊ. तिच्यावर पीएफच्या १,८०० च्या खाली एक ओळ आहे: ईएसआय, १२० रुपये. ही ओळ तुम्ही सहा वर्षं दर महिन्याला बघताय, पण पत्रात तिचा उल्लेख नाही. हीच तुमची पॉलिसी आहे.

ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा, १९४८ च्या कायद्यातून आलेला. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला तो लागू होतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे १६ हजारांवर १२० रुपये कापतात. मालक वरून ३.२५ टक्के, म्हणजे ५२० रुपये भरतो. दरमहा ६४० रुपये तुमच्या नावावर जमा होत आलेत. त्यात तुम्ही, तुमचे पती आणि दोन्ही मुलं येता. आजाराची प्रतीक्षा मोजत बसावं लागत नाही, साध्या तापाच्या गोळीपासून औषध मिळतं, आणि आपल्याकडे होटगी रस्त्यावर कामगार विमा रुग्णालय आहे. तिथे जे होत नाही त्यासाठी ते करार असलेल्या दुसऱ्या दवाखान्यात चिठ्ठी देऊन पाठवतात. तुम्ही स्वतः आजारी पडून घरी बसलात तर ठरावीक अटींवर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ताही मिळतो.

ह्यांच्या मांडीच्या ऑपरेशनचे १ लाख १२ हजार तुम्हाला द्यावे लागायला नको होते, हे वाचून वाईट वाटेल. मलाही लिहिताना वाटतंय. पण हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कामावर घेताना आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, विमा क्रमांक काढला, आणि पैसे कापायला सुरुवात झाली. हा कागद कशाचा, तो घेऊन कुठे जायचं, हे शिलाई मशीनवरच्या बाईला समजावून सांगणं हे कारखान्याच्या ऑफिसचं काम होतं. जुनी बिलं घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात एकदा विचारून बघा. तातडीच्या उपचारांच्या परताव्याची तरतूद आहे. पण वर्ष होत आलंय, तेव्हा त्या पैशांवर पुढचा हिशेब मांडू नका.

येत्या सोमवारी कारखान्याच्या ऑफिसात जाऊन तुमचा दहा आकडी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्डाची प्रत मागा. त्यावर घरातल्यांची नावं आणि फोटो आहेत का ते बघा. सहा वर्षांपूर्वी नोंद झाली तेव्हा तुमचा चार वर्षांचा मुलगा जन्मलाही नव्हता, त्याचं नाव नक्की राहिलं असणार. आणि इथे तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात स्त्री कामगाराच्या कुटुंबात तिच्यावर अवलंबून असलेले सासू-सासरेही धरले आहेत. उत्पन्नाची अट आहे. मामंजी आणि आत्याबाईंची नावं घालता येतील का, हे शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊनच विचारा, कारण नवी तरतूद खिडकीवरच्या माणसाला लगेच आठवेल असं नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

पण मामंजींच्या छातीसाठी ईएसआयची वाट बघायची गरज नाही. त्यांच्यासाठी आणखी दोन दारं उघडी आहेत.

पहिलं म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही मुळात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत आपलं सोलापूर होतं. ज्या शहरात ही योजना पहिल्या दिवसापासून आहे, तिथल्या नीलम नगरात आजही ‘ते पिवळ्या कार्डवाल्यांना’ असं बोललं जातं, याची मला खंत वाटते. पिवळ्याबरोबर केशरी कार्डाला ती आधीपासून होती. १ जुलै २०२४ पासून तर पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळालं. पूर्वी ते दीड लाख होतं. अँजिओप्लास्टी (म्हणजे स्टेंट टाकणं), बायपास, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार, अपघातातली हाडांची ऑपरेशनं, असे तेराशेहून जास्त उपचार त्यात आहेत.

दुसरं दार मामंजींचं एकट्याचं. आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं. घरात आधीच आयुष्मानचं संरक्षण असलं तरी सत्तरीपुढच्यांना त्यांचे वेगळे पाच लाख असतात. कार्ड मोफत निघतं. आयुष्मान अॅपवरून निघतं, सेवा केंद्रातूनही निघतं. लागतं फक्त आधार कार्ड, आणि आधारवरचं वयच धरलं जातं. म्हणून आज घरी गेल्यावर आधी मामंजींच्या आधारवरचं साल वाचा. मागावर काम केलेल्या त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या आधारवर १ जानेवारी आणि अंदाजाने घातलेलं साल असतं. ७२ वर्षांचा माणूस कागदावर ६८ चा निघतो. तसं निघालं तर हे कार्ड आत्ता मिळणार नाही, पण रेशन कार्डावरची फुले योजना आहेच. वय दुरुस्त करत बसण्यात तपासणी लांबवू नका.

तुमचं नाव माहेरच्या कार्डावर असल्याने मामंजींचं काही अडत नाही. सासरच्या कार्डावर त्यांचं नाव आहे ना, तेवढं पुरे. अडेल ते तुमचं, आणि धाकट्याचं नाव अजून चढवलं नसेल तर त्याचं. माहेरी सांगून तिथून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, तो आणि मुलाचा जन्मदाखला जोडून सासरच्या कार्डात दोन्ही नावं चढवायचा अर्ज पुरवठा कार्यालयात द्या. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी सुनेचं नाव माहेरीच राहतं, हे आपल्याकडे घरोघर दिसतं. धान्य कमी येतं एवढाच तोटा वाटतो. खरा तोटा बाळंतपणात किंवा आजारपणात कळतो.

दवाखान्यात काय करायचं ते नीट ऐका, कारण गाडी बहुतेक इथेच घसरते. योजना सगळ्या दवाखान्यांत नसते. ज्या आहेत त्यांतही सगळ्या आजारांना असते असं नाही. एखादा दवाखाना हाडांसाठी योजनेत असतो, हृदयासाठी नसतो. म्हणून ‘योजना आहे का’ एवढंच विचारू नका. ‘अँजिओप्लास्टीला फुले योजना किंवा आयुष्मान चालतं का’ असं विचारा. १५५३८८ वर किंवा आयुष्मानच्या १४५५५ वर फोन करूनही सोलापुरात हृदयासाठी कुठले दवाखाने आहेत ते विचारता येतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. आधी त्याला भेटायचं, आणि भेटायचं ते अँजिओग्राफीच्या टेबलावर जाण्याआधी. नंतर नाही. अँजिओग्राफी रोखीने केली, आत ब्लॉकेज दिसलं, डॉक्टरांनी बाहेर येऊन ‘आत्ताच स्टेंट टाकू का’ विचारलं, तर त्या क्षणी कुठलाही मुलगा ‘टाका’ म्हणतो आणि कागदावर सही करतो. ही योजना कॅशलेस आहे. रोख भरलेल्या बिलाचे पैसे ती मागाहून परत देत नाही.

मंजुरी आल्यावरही कोणी ‘भारीतला स्टेंट हवा तर वरचे चाळीस हजार’ किंवा ‘डिपॉझिट ठेवा’ म्हणालं, तर पैसे काढण्याआधी आरोग्यमित्राला बोलवा, पावती मागा, १५५३८८ वर तक्रार नोंदवा. भांडायला जायचं नाही, शांतपणे विचारायचं. तुम्ही उपकार मागत नाही आहात. मामंजींनी आयुष्यभर मीठ, साखर, काडेपेटी जे काही विकत घेतलं त्यावर कर भरलाय, त्यातूनच ही योजना चालते. आणखी एक लक्षात असू द्या. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार प्रत्येक खासगी दवाखान्याने रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर लावायचे आहेत. दिसले नाहीत तर मागा. आणि एखादा मोठा दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल, तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायचं त्यांच्यावर बंधन आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवलात तर तोही रस्ता हाताशी राहील.

आत्याबाईंना सत्तरी यायला सहा वर्षं आहेत. त्यांची शुगर-बीपी ही रोजच्या गोळ्यांची बाब, आणि फुले योजना भरती होऊन घेतलेल्या उपचारांना असते, महिन्याच्या गोळ्यांना नाही. त्यांच्यासाठी जनऔषधी दुकान गाठा. तीच औषधं नावाजलेल्या कंपनीच्या पाकिटापेक्षा खूप स्वस्त मिळतात, चिठ्ठीवरचं औषधाचं मूळ नाव तेवढं दुकानदाराला दाखवा. ट्रंकेत कुठेतरी त्यांचं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल. त्यावर कामगार कल्याणचे दवाखाने चालतात, तिथेही दाखवा. ही सोय विडीवरच्या उपकरातून, १९७६ च्या कायद्याने उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर बंद झाला. पानं आणि तंबाखू घरी आणून, मान मोडून विड्या वळणाऱ्या बायकांच्या सोयीचा हक्काचा पैसा तेव्हा आटला. सोलापुरातल्या हजारो घरांशी निगडित असूनही त्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही, याचं मला आजही दुःख आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रामुळे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी लिहून ठेवलं होतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवलं की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचा. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य हिशेबात तो १.८४ टक्के होता. त्याच हिशेबात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून दिलेला दिसतो. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४.२ होता, म्हणजे सुधारणा झाली आहे, ती नाकारू नये. पण त्या ३९.४ मध्ये तुमच्या पाटल्यांसारख्या कितीतरी पाटल्या आहेत. तुमच्या घरात ईएसआय आहे, फुले योजना आहे, वय वंदना आहे, विडी कामगारांची सोय आहे. चार योजना असूनही मांडीचा रॉड दागिन्यांवर गेला. मोठमोठे आकडे जाहीर करण्याइतकंच, प्रत्येक वॉर्डात आणि कारखान्याच्या प्रत्येक गेटवर माणूस बसवून कोणाला काय लागू आहे ते सांगणं ही खरी आरोग्य सुधारणा ठरेल असं मला वाटतं. आणि कामगार विमा दवाखान्यांत डॉक्टर-औषधं पुरी पडली पाहिजेत. कामगाराचे पैसे दर महिन्याला न चुकता कापले जातात, तर डॉक्टरही न चुकता भेटला पाहिजे.

खासगी पॉलिसी कधीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. कारखान्याचं काम थांबलं किंवा तुम्ही नोकरी सोडली तर ईएसआय काही काळाने संपतं, हा धोका आहे. म्हणून मामंजींचं मार्गी लागलं आणि अंगावरचं देणं उतरलं की तुम्ही दोघं आणि मुलं एवढ्यांचीच छोटी पॉलिसी बघा. आरोग्य संजीवनी नावाची एक ठरावीक नमुन्याची पॉलिसी २०२० मध्ये आरोग्य विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांना आणायला लावली होती. नियम सगळीकडे सारखे, त्यामुळे तुलना फक्त हप्त्याची आणि सेवेची. त्यात प्रत्येक क्लेमचे पाच टक्के आपण भरायचे असतात आणि खोलीभाड्याला मर्यादा आहे, पण कागद सरळ आहे. ह्यांच्या मांडीतला रॉड फॉर्मवर लिहा. फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, सही करण्याआधी मुलीला मोठ्याने वाचायला लावा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. आणि पुढे कधी क्लेम अडलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिन्यात दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. दादाच्या वेळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

आता भिशी. पन्नासातले दहा हजार मामंजींच्या भरतीच्या दिवसांसाठी बँकेत वेगळे ठेवा. योजनेतून ऑपरेशन झालं तरी येणं-जाणं, सोबतच्या माणसाचं जेवण, रिक्षाचा बुडालेला धंदा, भरतीआधीच्या एखाद-दुसऱ्या तपासणीचा खर्च लागतोच. उरलेले चाळीस घेऊन, जिथे पाटल्या ठेवल्यात तिथे जा आणि व्याज-मुद्दल किती झालं ते लेखी मागा. दोन्ही सुटत असतील तर दोन्ही, नाहीतर एक तरी घरी आणा. दुसरी सोन्याच्या कर्जावर बँकेत हलवल्याने व्याज कमी पडतं का तेही विचारा. ह्यांना सांगा, पॉलिसी आपल्याकडे सहा वर्षांपासून आहे, स्लिपवर बोट ठेवून दाखवा. आणि आत्याबाईंचं बरोबर होतं, तेही त्यांना सांगा.

मामंजींच्या तपासणीची तारीख ठरली की दोन ओळी लिहा. मी वाट बघतेय.